मधली मोकळी जागा

आमच्या बिल्डिंगमध्ये कबुतरांविरुद्ध सगळे आहेत, एक आमचे हे सोडून. बदलापूर पश्चिमेला, बेलवलीत, आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. आजूबाजूच्या सगळ्या बाल्कन्यांना जाळ्या लागल्या आहेत. आमच्याच बाल्कनीला नाही, कारण जाळीतून फोटो नीट येत नाहीत. कबुतर माझ्या तुळशीच्या कुंडीत अंडी घालतं, मी झाडू घेऊन धावते, आणि हे गुडघ्यावर बसून, कॅमेरा डोळ्याला लावून मला म्हणतात, "थांब गं, तिला जरा मान वळवू दे." लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या मानेची एवढी काळजी कुणी केलेली मला आठवत नाही.

कॅमेरा मुलानं दिला. त्यात त्याचा दोष नाही, मीच मागे लागले होते. हे अंबरनाथच्या एका कारखान्यात तपासणीला होते. मशीनवरून उतरलेला लोखंडी दांडा उजेडाकडे धरायचा, डावा डोळा मिटायचा आणि उजव्यानं त्याच्या अंगावरून नजर फिरवून सांगायचं, इथे वाकलाय. मग बाकीचे मापं लावून बघायचे आणि तेवढाच वाकलेला निघायचा. अशी ह्यांची नजर. कारखान्यात तिला मान होता. रिटायर झाल्यावर ती नजर माझ्या स्वयंपाकघराकडे वळली. पोळीची एक कड जाड आहे. मांडणी डावीकडे उतरलीय. कपाटाचं दार दोन सूत खाली आहे. सहा महिने मी सोसलं, मग पुण्याला मुलाला फोन केला की तुझ्या बाबांना काहीतरी बघायला दे, नाहीतर मी माहेरी जाते. त्यानं स्वतःचा जुना कॅमेरा पाठवला. मला वाटलं, सुटले.

सुटले कसली? कॅमेऱ्याबरोबर ग्रुप आला. रविवारी सकाळी उल्हास नदीच्या काठी दहा-बारा माणसं जमतात, बहुतेक रिटायर झालेली, गळ्यात कॅमेरे, डोक्यावर टोप्या. त्यांचे पुढारी म्हणजे चित्रकलेचे एक निवृत्त शिक्षक. त्यांना सगळे सर म्हणतात. दर दोन-तीन महिन्यांनी सर एक विषय देतात, त्यावर सगळ्यांनी फोटो काढायचे आणि शाळेच्या हॉलमध्ये लावायचे. मी चहाचा थर्मास घेऊन जाते म्हणून मलाही ग्रुपात धरतात.

गेल्या वर्षी पावसाचा जोर ओसरल्यावर सरांनी विषय दिला, आक्रमण. "निसर्गातलं आणि रोजच्या जगण्यातलंही," ते म्हणाले. "जे मुळात तिथलं नाही, न विचारता आलंय आणि आता हलत नाही, ते शोधा." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी चहा ओतता ओतता म्हटलं, "सर, मग लांब कशाला जायचं? एक नमुना तुमच्या शेजारीच उभा आहे. माझ्या वडिलांच्या चाळीत राहायला आला आणि मुलगी घेऊन गेला." हे हसले. कान लाल झाले. सरांना गोष्ट ऐकायचीच होती, मग मला सांगावीच लागली.

माझं माहेर अंबरनाथचं मोरिवली. मी लहान असताना आमच्या गावाच्या एका अंगाला भाताची शेतं होती आणि दुसऱ्या अंगाला कारखान्यांच्या भिंती उभ्या राहत होत्या. मी दहावीत जाईपर्यंत दोन्ही अंगांना भिंती झाल्या. उरलेल्या तुकड्यावर माझ्या वडिलांनी ओळीनं खोल्या बांधल्या आणि कामगारांना भाड्यानं दिल्या. गावात बहुतेक घरांनी तेच केलं. त्यातल्या एका खोलीत हे आले, साताऱ्याकडचे, एक पत्र्याची ट्रंक आणि एक स्टोव्ह घेऊन. आधी पाणी मागायला आले. मग ताक मागायला आले. मग एक दिवस धुतलेला शर्ट घालून आले तेव्हा आईला कळलं की हा आता काय मागणार आहे. ती आतूनच ओरडली, "भारोत्री हाय तो! आज हाय, उंद्या नाय. त्याला कोन पोरगी देल?" भारोत्री म्हणजे भाडेकरू, आमच्याकडे तो शब्द फार मानाचा नव्हता. वडील म्हणाले, "कारखाना शेतात आला तवा कोनी इचारलं? ह्यो पोर तरी इचारतंय." एवढ्यावर माझं लग्न ठरलं.

"आहे!" सर म्हणाले. "ह्यात फोटो आहे. मोरिवलीला जा, काढा." पण ते नंतर. आधी आम्ही नदीपासून सुरुवात केली.

नदीवर जलपर्णी माजली होती. दुरून बघणाऱ्याला वाटावं हिरवं कुरण आहे, त्यावर जांभळी फुलं. बघायला इतकी देखणी की राग धरता येत नाही, आणि खाली पाणी गुदमरलेलं. ह्यांनी पुलावरून चाळीस फोटो काढले. घरी येऊन मी टीव्हीला लावून पाहिले. प्रत्येक फोटोत फुलं कुठेतरी कोपऱ्यात कोंबलेली आणि मधे नुसतं मळकट पाणी. मी म्हटलं, "अहो, फुलांना दंड केलाय का कोपऱ्यात उभं राहायचा?" हे म्हणाले, "असू दे. वेगळं वाटतं."

मग गोगलगायी. आमच्या सोसायटीच्या बागेत मुठीएवढ्या मोठ्या गोगलगायी झाल्या आहेत. आमच्या लहानपणी असल्या नव्हत्या, कुठून आल्या कुणाला माहीत नाही. सेक्रेटरींनी नोटीस लावली, गोगलगायी दिसल्यास मीठ टाकावे. एका गोगलगायीनं भिंतीवरून चढून ती नोटीसच खायला घेतली. यापेक्षा चांगलं आक्रमण मिळणार नव्हतं. मी ह्यांना चपला घालायचा वेळ न देता खाली ओढत नेलं. ह्यांनी दहा मिनिटं लावून फोटो काढला. गोगलगाय पार कडेला, अर्धी फोटोच्या बाहेर, आणि मधे नोटीस बोर्डाचं रिकामं निळं कापड. मी डोक्याला हात लावला. "जगातला सगळ्यात हळू प्राणी तुमच्या फोटोतून निसटला हो!" हे हसले, पण जरा उशिरानं.

सरांनी मात्र तो फोटो पाहिला आणि खुर्चीतून उठले. "मध्य रिकामा ठेवायला धाडस लागतं," ते म्हणाले. "आपण सगळेजण विषय मधोमध धरतो. ह्यांच्याकडून शिका." ग्रुपातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. ह्यांच्या चेहऱ्याकडे मी बघत होते. रिटायर झाल्यापासून ह्यांना कुणी शाबास म्हटलं नव्हतं. मीही नाही. पोळीची कड जाड आहे हे सांगितल्याबद्दल कोण शाबास म्हणणार? पण त्या दिवशी टाळ्या ऐकताना ह्यांचे हात मांडीवर नुसते बसले होते, कुठे ठेवावेत हे न कळल्यासारखे. मी ठरवलं, आता थट्टा कमी करायची. चार दिवस पाळलंसुद्धा.

त्याच दिवसांत आणखी एक गंमत सुरू झाली होती, ती सांगायला मला अजून थोडी लाज वाटते. हे माझ्याकडे तिरकं बघायला लागले. म्हणजे सरळ समोर बसलेले असले तरी मान जरा वळवून, डोळ्याच्या कोपऱ्यातून. मी भाजी निवडत असले की बघायचे. चहा देताना बघायचे. चाळीच्या नळावर मी पाणी भरायची तेव्हा हे असेच बघायचे, आई दारात बसलेली असायची म्हणून. मी एकदा म्हटलंच, "काय हो, ह्या वयात असं काय चोरून बघता?" हे म्हणाले, "बघू नको का?" मी पदर सारखा केला आणि आत गेले. खोटं कशाला बोलू, मला आवडलं होतं. दुसऱ्या दिवशी मी काजळ घातलं.

आता मागे वळून बघते तर सगळं समोर मांडलेलं होतं. ह्यांनी चहा कपाबाहेर ओतला, मी म्हटलं लक्ष कुठे आहे. पेपर वाचायचा सोडला, म्हणाले त्यात काही नसतं, मला ते पटलं. कपाटाचं दार अजून दोन सूत खालीच होतं, आणि त्याबद्दल हे एक अक्षर बोलत नव्हते, तर मी समाधानानं म्हटलं, चला, सुधारले.

मग आम्ही मोरिवलीला गेलो. आमच्या जुन्या खोल्यांच्या जागी भावानं चार मजले चढवले आहेत, पण मागची एक भिंत तशीच आहे, कारखान्याला लागून. तिच्या फटीतून पिंपळ उगवलाय. एका बाजूनं कारखाना घुसलेला, एका बाजूनं पिंपळ, आणि मधे मी उभी राहायचं, असा फोटो ह्यांच्या मनात होता. मी हिरवी काठाची साडी नेसले. भावजय हसली, भावानं खुर्ची आणून दिली, मी बसले नाही. ऊन डोळ्यांवर येत होतं तरी मी पापणी हलवली नाही. ह्यांनी खूप वेळ लावला. "जरा डावीकडे हो. अजून. अजून जरा." मला वाटलं, पिंपळाला जागा करून देतायत.

घरी येऊन फोटो पाहिला आणि माझं डोकंच फिरलं. मी फोटोच्या अगदी डाव्या टोकाला, एक दंड कापलेला. पिंपळ वरच्या कोपऱ्यात. मधे काय, तर सिमेंटची भिंत. नुसती भिंत. मी म्हटलं, "चाळीस वर्षं हाडाची काडं केली ती भिंतीचा फोटो काढायला?" हे म्हणाले, "चांगला आलाय. प्रदर्शनात हाच लावतो." दोन दिवस मी बोलले नाही. दोन दिवस ह्यांनी मला तिरकं बघितलं आणि मी काजळ घातलं नाही.

प्रदर्शन रविवारी होतं. त्या आधीच्या मंगळवारी आम्ही फोटो फ्रेम करायला उल्हासनगरला गेलो. कॅम्पातल्या, म्हणजे तिथल्या जुन्या सिंधी वस्तीतल्या, एका गल्लीत फ्रेमवाल्यांची ओळ आहे, देवांच्या तसबिरी, आरसे, लग्नाचे फोटो, सगळं दुकानातून बाहेर येऊन अर्ध्या रस्त्यावर बसलेलं. आमचा फ्रेमवाला सिंधी, त्याच्या वडिलांच्या वेळेपासून तेच दुकान. तो फोटोभोवती जाड पुठ्ठ्याची चौकट कापून बसवतो, मग काच, मग लाकूड. हे बाहेर दाल पकवानच्या गाडीपाशी थांबले आणि मी आत बसले.

त्यानं तिन्ही फोटो टेबलावर ओळीनं मांडले. जलपर्णी, गोगलगाय, मी. मग चौकटीचा पुठ्ठा मापाला एकेकावर ठेवत गेला आणि थांबला. "भाभी, बुरा मत मानना. ये तीनों में बीच में कुछ है ही नहीं. साईड से काट के छोटा कर दूं?"

"नको, त्यांना तसंच पाहिजे. धाडस आहे ते," मी सरांचं वाक्य फेकलं.

"वो ठीक है," तो म्हणाला. "पर तीनों में एक ही जगह खाली है. देखो." त्यानं बोटानं दाखवलं. पाणी, निळं कापड, भिंत. एकाच जागी, एकाच आकाराची. पुठ्ठ्यातून कापून काढल्यासारखी.

मी ते बोट बघत राहिले. चहा आठवला. पेपर आठवला. दोन सूत खाली असलेलं कपाटाचं दार आठवलं. आणि मान वळवून माझ्याकडे बघणारे हे आठवले तेव्हा मी टेबलावरचा माझा फोटो उचलला. मी तिथूनच हाक मारली. हे हातात द्रोण घेऊन आत आले.

मी माझा फोटो ह्यांच्यासमोर धरला. "खरं सांगा. मी अशी कडेला का?"

हे फ्रेमवाल्याकडे बघायला लागले, मग द्रोणाकडे. मग म्हणाले, "तू कडेला असलीस तरच दिसतेस."

"म्हणजे?"

"मधे धरली की जातेस."

तीन महिने झाले होते. उजव्या डोळ्यापुढे मधोमध एक डाग आला होता आणि हळूहळू मोठा होत होता. कॅमेऱ्याला हे उजवाच डोळा लावतात, कारखान्यातली सवय, उजवा मिटून डावा उघडा ठेवणं ह्यांना जमतच नाही. त्या डोळ्यानं फुलाकडे सरळ बघितलं की फूल नाहीसं व्हायचं, म्हणून हे कॅमेरा सरकवत सरकवत ते कडेला आणायचे, जिथे दिसेल तिथे. आता काही आठवड्यांपासून डाव्या डोळ्यालाही सरळ रेघ वाकडी दिसत होती. तेच कपाटाचं दार. ह्यांना ते मधेच फुगलेलं दिसायचं, म्हणून हे गप्प होते. आणि सांगितलं का नाही? "सर म्हणाले, शिका ह्यांच्याकडून. मग काय सांगू, डोळा गेलाय म्हणून फोटो चांगले येतायत?"

दुकानात मी रडले नाही. फ्रेमवाल्यानंच सांगितलं की दोन गल्ल्या सोडून डोळ्यांची डॉक्टर आहे, त्याच्या आईला तीच बघते. फोटो तिथेच टाकून मी ह्यांचं मनगट धरलं आणि निघाले. रस्त्यात मी ह्यांना वाट्टेल ते बोलले, मोठ्यानं. लोक बघत होते. हे एकदाही "हळू बोल" म्हणाले नाहीत.

डॉक्टरबाई वयस्कर होत्या, बोलणं अर्धं हिंदी, अर्धं मराठी. त्यांनी थेंब घातले, थांबवलं, मग एका मशीनवर हनुवटी टेकवून ह्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या आतले फोटो काढले. इतके महिने हे जगाचे फोटो काढत होते, आज ह्यांचा निघाला. पडद्यावर संत्र्याच्या रंगाचे दोन गोल आले. बाईंनी पेननं दाखवलं. "ये देखो, इथे मध्ये एकदम साफ पाहिजे. यहां नयी नसें उगी हैं, नीचेसे घुसी हैं. कच्ची असतात ती, पाणी सोडतात. उजव्यात उशीर झाला, डाग पक्का झाला. डाव्यात अभी शुरू हुआ है."

दुसरा एक फोटो होता, डोळ्याचा पडदा उभा कापल्यासारखा, थरांवर थर. हे पुढे वाकले, मान तिरकी केली आणि बोट ठेवलं. "इथे वर उचललंय. अर्धा सूतसुद्धा नसेल."

बाईंनी ह्यांच्याकडे नीट बघितलं. "करेक्ट. वही पाणी है." मग म्हणाल्या, डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल, उद्याच, दोन-चार दिवस डोळा लाल राहील. मग महिन्या-महिन्यानं, बघत बघत. उजव्याचं फार सांगता येत नाही. डाव्याचं आत्ता केलं तर बरंच राहील. थांबलात तर तोही असाच जाईल.

हे म्हणाले, "सोमवारी येतो. रविवारी प्रदर्शन आहे."

घरी येईपर्यंत मी तोंड मिटून होते. दार लावलं आणि सुरू झाले. प्रदर्शन, सर, टाळ्या, सगळ्यांचा उद्धार केला. "डोळा लाल झाला तर सर विचारतील म्हणून डोळा घालवता? मला बघायचंय की नाही तुम्हाला?"

हे पलंगावर बसले होते. "म्हणूनच," ते म्हणाले. "डोळ्यात सुई घालणार. चुकली तर आहे तोही जाईल. आत्ता कडेला का होईना, दिसतेस तरी."

प्रदर्शनाचं निमित्त होतं. हा माणूस घाबरला होता, आणि माझ्यासाठी घाबरला होता. मी शेजारी जाऊन बसले. मला डॉक्टरांसारखं समजावता येत नाही. मला भात येतो. मी म्हटलं, "आम्ही शेतात भात बेणायचो, म्हणजे रोपांतलं गवत उपटायचो, तेव्हा मला पण भीती वाटायची. काही गवत अगदी भातासारखं दिसतं. मुळाशी हात घातला की कधी गवताबरोबर भाताचं रोपही यायचं. मी आईला विचारलं, राहू दे का? ती म्हणाली, गवत ऱ्हायलं तर सगलंच जाल. आणि वाकून पुढे गेली. ती कधी बेणायची थांबली नाही."

हे मान वळवून माझ्याकडे बघायला लागले. मग म्हणाले, "तुझी आई मलाही उपटायला निघाली होती."

"हो, पण तुम्ही चिवट निघालात," मी म्हटलं. आणि मग रडले.

बुधवारी सकाळी सुई झाली. मी बाहेर बाकावर ह्यांचा चष्मा आणि घड्याळ मुठीत धरून बसले होते. देवाचं नाव घ्यायचं सुचलं नाही. आत जाऊन पाच मिनिटंही झाली नसतील, हे डोळ्यावर झाकण लावून बाहेर आले आणि म्हणाले, "डास चावला तर जास्त लागतं." ह्या माणसाला मी काय करू, मला कळत नाही.

रविवारी हे काळा चष्मा लावून प्रदर्शनात उभे राहिले. लोकांना वाटलं, कलावंत झाले. सर माझ्या फोटोपुढे थांबले आणि मधल्या मोकळ्या जागेवर जे बोलत सुटले ते चहा गार होईपर्यंत. त्या भिंतीत त्यांना गेलेली शेतं दिसली, पोकळी दिसली, आणखी काय काय दिसलं. माझ्या ओठांवर आलं होतं, सर, तिथे काही नाही, तिथे ह्यांचा डोळा आहे. ह्यांनी खालून माझं मनगट दाबलं. मी गप्प बसले. आयुष्यात मी एवढी गप्प कधी बसले नव्हते. आज इथे लिहितेय ते ह्यांना विचारून. म्हणाले, "लिही. सर फोटो बघतात, वाचत काही नाहीत."

डिसेंबरात तिसरं इंजेक्शन झालं आणि बाईंनी परत आतला फोटो काढला. डाव्या डोळ्यातलं पाणी ओसरलं होतं, वर उचललेला थर खाली बसला होता. बाई म्हणाल्या, राहिलंय ते टिकेल, येत राहा. उजव्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही. बेणणी आहे ही, दर हंगामाला करावी लागणार. हे आता डावा डोळा उघडा ठेवून फोटो काढायला शिकतायत. उजवा मिटत नाही म्हणून त्यावर रुमाल बांधतात, आणि कबुतरं ह्यांना घाबरतात, ह्यात माझा फायदा आहे. फोटो अगदी साधे यायला लागलेत. सरांचा जरा हिरमोड झालाय.

बाईंनी एक चौकड्यांचा कागद दिलाय, मधे काळा ठिपका. तो फ्रिजवर लावलाय. रोज सकाळी एकेक डोळा झाकून त्याकडे बघायचं आणि रेघा वाकताहेत का ते सांगायचं. मी वहीत खूण करते. परवा डाव्याचं झालं, सगळ्या रेघा सरळ. मग ह्यांनी डावा डोळा हातानं झाकला, पण कागदाकडे न बघता माझ्याकडे वळले. मी समोरच खुर्चीवर वही घेऊन बसले होते.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"फ्रिज. खिडकी. खुर्चीचे पाय."

"आणि मी?"

"तुझा आवाज येतोय."

मी वही खाली ठेवली आणि खुर्ची जरा डावीकडे सरकवली. हे मान सरळ ठेवून बसले होते, अजिबात हलत नव्हते.

"आता?"

"अजून थोडी."

मी अजून सरकले. खुर्ची भिंतीला लागली, माझा खांदा कॅलेंडरला टेकला.

"हां," हे म्हणाले. "आलीस."